पुण्याच्या दिवसाच्या लांबीचा साइन आलेख कॅल्क्युलेटरवर सपाट का दिसतो?

शिकवणी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. आयबीच्या अकरावीच्या मुलांना साइन मॉडेल शिकवायचं आहे. पुस्तकातल्या परक्या बंदरांच्या भरती-ओहोटीपेक्षा आपल्या पुण्याचा दिवस घ्यावा असं ठरवलं. पुणे साधारण १८.५२ अंश उत्तरेला. २१ जूनला सूर्योदय ते सूर्यास्त जवळपास १३ तास १४ मिनिटं, २१ डिसेंबरला जवळपास ११ तास. त्यावरून हे समीकरण मांडलं:

वाय१ = १.१२ साइन(२पाय ÷ ३६५ × (एक्स − ८१)) + १२.१२

एक्स म्हणजे १ जानेवारीपासूनचा दिवस. यंत्र टीआय-८४ प्लस सीई. विंडो अशी: एक्समिन ०, एक्समॅक्स ३६५, वायमिन १०, वायमॅक्स १४.

लाट अपेक्षित होती, पण पडद्याच्या मधोमध जवळजवळ आडवी रेघ येते, उजवीकडे जराशी वर चढलेली. झूममधलं झूमफिट दिलं तर तीच रेघ खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाते. कंस पुन्हा पुन्हा तपासले, बरोबर आहेत. समीकरणात काही चुकतंय की मांडणीत?

---

त्रिज्या

समीकरण अगदी बरोबर आहे. यंत्र डिग्री मोडमध्ये आहे. तुम्ही रेघेचं वर्णन नेमकं दिलंत म्हणून हे आकड्यांनिशी सांगता येतं.

एक्स ० असताना कंसातली किंमत −१.३९ येते आणि ३६५ असताना ४.८९. रेडियनमध्ये (कोनाचं दुसरं एकक, २पाय रेडियन म्हणजे ३६० अंश) हा पूर्ण एक फेरा झाला. यंत्राने तेच आकडे अंश समजून घेतले तर साइन फक्त −१.३९ अंशापासून ४.८९ अंशांपर्यंत सरकतो, आणि तेवढ्या तुकड्यात साइन जवळजवळ सरळ रेषाच असतो. मग वाय १२.०९ पासून १२.२२ पर्यंत चढतो. सीईच्या आलेखाची जागा २६५ × १६५ पिक्सेलची. उभ्या दिशेला १० ते १४ म्हणजे एका पिक्सेलला सुमारे ०.०२४ तास. म्हणजे संपूर्ण वर्षभरात तुमची रेघ पाचेक पिक्सेल वर जाणार, तेच तुम्हाला दिसतंय. झूमफिटने तो ०.१३ चा फरक ताणून पडदाभर केला. त्यामुळे कोन तपासल्याशिवाय झूमफिट वापरू नये. चुकीचा आलेखही तो भरल्यासारखा दाखवतो आणि मूळ खूण लपते.

उपाय: मोड दाबा, रेडियन आणि डिग्री लिहिलेल्या ओळीवर जा, रेडियन निवडून एंटर. नुसतं त्यावर कर्सर नेऊन बाहेर पडलं तर निवड होत नाही, एंटर लागतंच. सीईच्या पडद्यावर सगळ्यात वरच्या पट्टीत रेडियन किंवा डिग्री असं सतत लिहिलेलं असतं. मुलांना आलेख काढण्याआधी ती पट्टी वाचायची सवय लावा. परीक्षेसाठी यंत्र प्रेस-टू-टेस्टमध्ये टाकतानाही कोनाचं एकक विचारलं जातं. तिथे घाईत जे निवडलं जाईल तेच मोडमधून बदलेपर्यंत राहतं, म्हणून त्यानंतर पट्टी पुन्हा बघायची.

मग ट्रेस दाबा, १७२ टाईप करा, एंटर. १३.२४ आलं पाहिजे, म्हणजे १३ तास १४ मिनिटं. ३५५ टाका, ११ च्या आसपास आलं पाहिजे. हे दोन आकडे जुळले की आलेखावर विश्वास ठेवा, नुसत्या आकारावर ठेवू नका.

विंडोबद्दल: झूम ७, म्हणजे झेडट्रिग, इथे उपयोगाचं नाही. ते शून्याच्या दोन्ही बाजूंना थोडी आवर्तनं आणि वाय −४ ते ४ अशी चौकट लावतं. साध्या साइन एक्सला उत्तम, पण तुमची सगळी लाट ११ ते १३.२४ मध्ये आहे, म्हणजे पडद्याबाहेर. तुमची चौकट चांगली आहे. एक्सस्केल ३६५÷४ ठेवा, यंत्र भागाकार स्वतः करून घेतं. तुमच्या चौकटीत वाय १० पासून सुरू होतो, त्यामुळे एक्स-अक्ष दिसणार नाही. ‘सेकंड’ बटण, मग झूम दाबून ग्रिडलाइन ऑन करा, म्हणजे दोन उभ्या रेघांमध्ये बरोबर पाव आवर्तन बसतं. वायस्केल ०.५. सीईवर अक्षाच्या खुणांना आकडे नसतात, त्यामुळे एका खुणेची किंमत किती हे वहीत आलेखाशेजारी लिहायला लावा.

सगळं अंशांतच ठेवायचं असेल तर २पायऐवजी ३६० लिहा: साइन(३६० ÷ ३६५ × (एक्स − ८१)). डिग्री मोडमध्ये तंतोतंत तीच लाट येते. पण मी रेडियनच सुचवेन, कारण पुढे विकलन येणार.

---

पाषाण_टेकडी

त्रिज्या यांनी विकलनाचा विषय काढलाच आहे तर त्यातली एक बारीक गोष्ट, जिथे मुलं हमखास अडकतात.

आलेख काढून सेकंड, ट्रेस, ६ म्हणजे डीवाय/डीएक्स घ्या, ८१ टाका, एंटर. रेडियनमध्ये ०.०१९३ येतं. म्हणजे २२ मार्चच्या सुमारास पुण्याचा दिवस रोज ०.०१९३ तासांनी, म्हणजे मिनिटापेक्षा जरा जास्त, सुमारे ६९ सेकंदांनी वाढतो. कागदावर १.१२ × २पाय ÷ ३६५ केलं की तेच.

आता डिग्री मोडमध्ये ३६०वालं समीकरण घेतलं तरी यंत्र ०.०१९३ च देतं, कारण ते सूत्राने विकलन करतच नाही. दोन जवळच्या बिंदूंच्या वायमधला फरक काढून भागतं, आणि फलाच्या किमती दोन्हीकडे सारख्याच आहेत. पण कागदावर १.१२ × ३६० ÷ ३६५ असं केलं तर १.१ येतं, म्हणजे रोज तासाहून जास्त वाढ! तिथे पाय ÷ १८० चा गुणक सुटलेला असतो. यंत्र आणि वही यांचं उत्तर ५७ पटींनी वेगळं आलं की समजायचं, कुठेतरी अंश आणि रेडियन मिसळलेत.

कॅसिओ एफएक्स-सीजी५० असलेल्यांसाठी: आलेखाच्या मेनूमध्ये शिफ्ट आणि मेनू दाबलं की सेटअप उघडतं, त्यात अँगलच्या ओळीवर जाऊन रॅड निवडा. चौकट शिफ्ट आणि एफ३ ने. तिथे ट्रिग नावाचं बटण आहे, ते सध्याच्या कोन-एककानुसार चौकट लावतं. छेदबिंदू, कमाल, किमान हे सगळं शिफ्ट आणि एफ५ मध्ये.

वर्गात दोन्ही कंपन्यांची यंत्रं असतील तर एक मोठा फरक लक्षात ठेवा. वाय = साइन(१÷२एक्स) असं एका ओळीत टाईप केलं तर टीआय-८४ डावीकडून उजवीकडे जातं आणि ते अर्धा एक्स समजतं, आवर्तन ४पाय. कॅसिओ मात्र गुणाकाराचं चिन्ह गाळलेल्या २एक्सला आधी एकत्र धरतं, म्हणजे १ भागिले २एक्स. मग शून्याच्या जवळ आलेखाचा दाट काळा गोंधळ दिसतो आणि दूर गेल्यावर रेघ अक्षाला टेकते. दोघांनी एकच बटणं दाबली तरी चित्रं वेगळी, आणि दोन्ही यंत्रं आपापल्या नियमाने बरोबर. (१÷२) असा कंस घाला, प्रश्नच संपला.

कंसांचं आणखी: टीआयवर साइन दाबलं की उघडा कंस आपोआप येतो, बंद आपण करायचा. २साइन(३एक्स+१ असं अर्धवट सोडून एंटर दिलं तर यंत्र तक्रार करत नाही, शेवटी स्वतः कंस बंद करतं. तुम्हाला लाट १ ने वर न्यायची होती, ती डावीकडे सरकली. साइनचा वर्ग हवा असेल तर साइन(एक्स) पूर्ण लिहून त्यानंतर वर्ग. वर्ग कंसाच्या आत गेला तर ते वेगळंच फल, बाहेर जाता जाता लाटा आकसत जातात. आणि साइनवरचं उणे एक म्हणजे व्यस्त साइन. कोसेकसाठी १ ÷ साइन(एक्स) असंच लिहावं लागतं, त्याला वेगळं बटण नाही.

---

शिकवणी_कर्वेनगर

दोघांचेही मनापासून आभार. रेडियन केल्यावर लाट आली, १७२ ला १३.२४ आणि डीवाय/डीएक्सही जुळलं.

पुढची पायरी: मुलांनी पंचांगातून दर महिन्याच्या १ तारखेचे सूर्योदय-सूर्यास्त काढून स्वतः समीकरण बसवावं. एल१ मध्ये १, ३२, ६०, ९१, १२१, १५२, १८२, २१३, २४४, २७४, ३०५, ३३५ आणि एल२ मध्ये दिवसाची लांबी. साइनरेग (यादीतल्या बिंदूंना साइन लाट बसवणारं रिग्रेशन) दिलं की एरर येते. बारा बिंदू कमी पडतात का?

---

लॉगटेबल

बारा पुरेसे आहेत. साइनरेगला किमान चार बिंदू आणि एका आवर्तनात किमान दोन लागतात. अडचण अंतरांची आहे. तुमच्या एल१ मधली अंतरं ३१, २८, ३१, ३० अशी असमान आहेत. पिरियडची जागा रिकामी ठेवली तर यंत्राला एक्सच्या किमती क्रमाने आणि समान अंतरावर लागतात. पिरियड आपण दिला तर असमान अंतरंही चालतात.

स्टॅट, उजवीकडे कॅल्क, खाली जाऊन सी: साइनरेग. इटरेशन्स ३ असतात, १६ पर्यंत वाढवता येतात, ८ ठेवा. एक्सलिस्ट एल१, वायलिस्ट एल२, पिरियड ३६५. स्टोअर रेगईक्यूच्या ओळीवर अल्फा आणि ट्रेस दाबून वाय१ निवडा, म्हणजे समीकरण पूर्ण दशांशांसह थेट तिथे जातं. हाताने चार आकडे उतरवून घेतले तर ३६५ पर्यंत जाता जाता बी मधली चूक वाढत जाते.

त्याआधी एल२ नीट बघा. १३ तास १४ मिनिटं म्हणजे १३+१४÷६०, म्हणजे १३.२३. यादीत १३+१४/६० असंच टाईप करा, यंत्र रूपांतर करून घेईल. १३.१४ भरलं तर एरर येत नाही, फक्त बिंदू लाटेभोवती विनाकारण वरखाली विखुरतात आणि कारण शोधत बसावं लागतं.

उत्तर ए साइन(बीएक्स + सी) + डी या रूपात येतं. बी ०.०१७२ च्या आसपास, सी −१.३९ च्या आसपास असेल. सी म्हणजे सरकणं नव्हे, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावं असं आहे. सरकणं म्हणजे −सी ÷ बी, ते ८१ च्या जवळ यायला हवं. सी मध्ये २पाय जास्त किंवा कमी आला तर सरकणं ३६५ ने बदललेलं दिसेल, लाट तीच. या रिग्रेशनला टीआय-८४ आर-वर्ग (समीकरण बिंदूंना किती जुळतं त्याचा आकडा) देत नाही, त्यामुळे ‘आर-वर्ग ०.९९ आला’ असं अहवालात कुणी लिहिलं तर तो आकडा कुठून आणला ते विचारा. त्याऐवजी फरकांची यादी करावी: एल३ = एल२ − वाय१(एल१).

आणि मूळ प्रश्नाशी जोडलेली गोष्ट: साइनरेगचं उत्तर नेहमी रेडियनमध्येच असतं, यंत्र डिग्री मोडमध्ये असलं तरी. म्हणजे डिग्री मोडमध्ये आकडे बरोबर येणार आणि आलेख पुन्हा ती आडवी रेघ. बिंदू छान लाटेत आणि रेघ त्यांच्या मधून सरळ गेलेली दिसली तर रिग्रेशनला दोष देऊ नका, वरची पट्टी बघा.

बिंदू दाखवायला सेकंड, वाय=, प्लॉट१ ऑन, मग झूम ९. काम झालं की प्लॉट१ बंद करा. तो चालू राहिला आणि कुणी याद्या पुसल्या तर पुढच्या तासाला साधा साइन एक्स काढतानाही डायमेन्शनची एरर येते आणि मुलं समीकरणात चूक शोधत राहतात.

---

त्रिज्या

लॉगटेबल यांच्या उत्तरात भर नाही, फक्त यंत्र आलेख कसं काढतं हे मुलांना एकदा दाखवा, म्हणजे या सगळ्या चुका एका जागी समजतात. यंत्राला लाट ‘माहीत’ नसते. एक्समिन ते एक्समॅक्स या अंतराचे ते २६४ समान भाग करतं, २६५ ठिकाणी वाय काढतं आणि बिंदू रेघांनी जोडतं. बस.

हे वर्गात सिद्ध करायला: रेडियन, एक्समिन ०, एक्समॅक्स २पाय, वाय −२ ते २, एक्सरेस १. वाय१ = साइन(२६५एक्स). पडद्यावर एकच सुबक लाट येते, साध्या साइन एक्सची! २६३ लिहा, तीच लाट उलटी होते. २६४ लिहा, आडवी रेघ. कारण दोन बिंदूंमधलं अंतर २पाय ÷ २६४ आहे. २६४एक्स प्रत्येक बिंदूला पूर्ण फेऱ्यांत मोजला जातो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी साइन शून्यच. २६५एक्समध्ये उरतो तो फक्त एक्सचा भाग. मधल्या सगळ्या लाटा दोन बिंदूंच्या फटीतून निसटतात. हा आकडा सीईसाठी आहे. जुन्या काळ्या-पांढऱ्या टीआय-८४ प्लसवर आलेखाला ९५ स्तंभ, म्हणजे ९४ भाग. तिथे ९५एक्स लिहा.

ही गंमत म्हणून सांगत नाही, भौतिकशास्त्रात याचा थेट फटका बसतो. घरातला वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. शिखर २३० × वर्गमूळ २, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट. वाय१ = ३२५ साइन(१००पाय एक्स). कुणी एक्स ० ते १० सेकंद ठेवला तर खऱ्या ५०० लाटा आहेत, पडदा दाखवतो २८, तेही उलट्या. ५०० मधून २६४ चे दोन गट काढले की −२८ उरतात, तेच ते. आलेख बऱ्यापैकी लाटेसारखा दिसत असल्याने मूल त्यावरून आवर्तकाल मोजतं आणि ०.०२ ऐवजी ०.३६ सेकंद लिहितं. चौकट ० ते ०.१ ठेवा: पाच लाटा, प्रत्येकीला पन्नासेक बिंदू. मी पडद्यावर वीसपेक्षा जास्त आवर्तनं कधीच ठेवत नाही. आधी २पाय ÷ बी करून आवर्तकाल काढायचा, त्याच्या दोन-तीन पट चौकट लावायची, मगच ग्राफ दाबायचं.

टॅनच्या आलेखातल्या उभ्या रेघाही याच जोडण्यातून येतात. एक बिंदू खूप वर, पुढचा खूप खाली, यंत्र ते जोडतं. ती रेघ आलेखाचा भाग नाही, आणि अनंतस्पर्शिकाही यंत्राने मुद्दाम काढलेली नाही. चौकट जरा बदलली की एखादी रेघ नाहीशी होते ती त्यामुळेच. सेकंड, झूममध्ये डिटेक्ट अ‍ॅसिम्टोट्स ऑन ठेवा, आलेख किंचित हळू निघतो पण रेघा जातात.

---

विमाननगर_बारावी

आमच्याकडे बोर्डाचा अभ्यासक्रम, असलं यंत्र नाही. हेच डेस्मॉसवर करता येईल का?

---

पाषाण_टेकडी

येईल, फुकट आणि फोनवरही. पाय हवा तिथे इंग्रजीत पाय टाईप केलं की चिन्ह आपोआप येतं. उजवीकडच्या पान्याच्या चिन्हात रेडियन आणि डिग्री आहे, सुरुवातीला रेडियनच असतं. आकड्यांऐवजी ए, बी, सी, डी अक्षरं घातलीत तर स्लायडर मिळतात. बी चा स्लायडर सरकवताना लाट मूळबिंदूकडे आकसते हे डोळ्यांनी बघा, मग सरकणं −सी ÷ बी का ते पाठ करावं लागत नाही.

---

शिकवणी_कर्वेनगर

पिरियड ३६५ दिल्यावर रिग्रेशन झालं. एक शंका राहिली. वर्गात विचारलं जाणारच: मध्यरेषा १२ वर का नाही, १२.१२ वर का? आणि एल३ मधले फरक सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास एकाच बाजूला का झुकतात?

---

आकाशदर्शक

दोन्हीची कारणं आकाशात आहेत, तुमच्या आकड्यांत खोट नाही.

सूर्योदय म्हणजे सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसण्याची वेळ. बिंबाची त्रिज्या सुमारे १६ कला (६० कला म्हणजे एक अंश), आणि क्षितिजापाशी वातावरण प्रकाश वाकवतं त्याने सूर्य आणखी सुमारे ३४ कला वर उचललेला दिसतो. एकूण ५० कला. सकाळी तेवढा आधी उगवतो, संध्याकाळी तेवढा उशिरा मावळतो. पुण्याच्या अक्षांशावर दोन्ही मिळून ७ मिनिटं, म्हणजे ०.१२ तास. त्यामुळे विषुवदिनीही आपला दिवस १२ तास ७ मिनिटांचा असतो.

दुसरं कारण पृथ्वीची कक्षा. ती लंबवर्तुळाकार आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून वेगात असते. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस, उरलेल्या अर्ध्याला १७९. शुद्ध साइन दोन्ही अर्धे सारखे धरतो. म्हणून तुमचं पहिलं समीकरण २३ सप्टेंबरला, म्हणजे २६६ व्या दिवशी, १२ तास ४ मिनिटं देतं, प्रत्यक्षात १२ तास ७. साइनरेग ही तफावत वर्षभर थोडी वाटून टाकतं, पण घालवू शकत नाही. अहवालात हे कारण लिहिलेलं असेल तर ते ‘मानवी चूक’ या ठरलेल्या वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

याच लाटेवर आणखी एक करून बघा, छेदबिंदूचं साधन शिकवायला पुण्यात यासारखं उदाहरण नाही. सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, ढोबळमानाने: वाय१ = २३.४४ साइन(२पाय ÷ ३६५ × (एक्स − ८१)). वाय२ = १८.५२, आपला अक्षांश. वाय −३० ते ३०. सेकंड, ट्रेस, ५: इंटरसेक्ट. पहिल्या दोन प्रश्नांना एंटर, आणि ‘गेस’ला कर्सर हव्या त्या छेदाजवळ नेऊन एंटर, नाही नेला तर यंत्र दोन्ही वेळा एकच छेद देऊ शकतं. उत्तरं १३३.९ आणि २१०.६. म्हणजे १४ मे, आणि २९-३० जुलै. हेच पुण्याचे शून्य सावलीचे दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे, एखाद्या दिवसाच्या फरकाने. जुलैमधला ढगात जातो, मेमधला मात्र साधारण साडेबाराच्या सुमारास गच्चीवर उभी नळी ठेवून तपासता येतो. नळी ओळंब्याने सरळ करून घ्या, एक अंश कलली तरी सावली उरते.